आप्पांची सही

शनिवारी दुपारी चार वाजता सरकारी प्रशिक्षण कार्यालयाच्या बाई दुकान बघायला येणार होत्या, म्हणून एक वाजल्यापासूनच सगळं घर वर्कशॉपात गोळा झालं होतं आणि त्यांच्यासमोर काय बोलायचं नाही, यावर एकमत होऊ पाहत होतं. या घराण्याची ती खासियतच. काय बोलायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. काय बोलायचं नाही यासाठी मात्र बैठक लागते.

बैठकीला तोंड फुटलं तेव्हा धाकटी नेहमीच्या बुटक्या स्टुलावर बसून एका मोटरच्या खाचांमध्ये इन्सुलेशनचा कागद सरकवत होती. धाकटी एक्कावन्न वर्षांची होती. सून म्हणून आली तेव्हा धाकटी होती, आणि त्या पदाला निवृत्तीचं वय नसतं. समोर बाकावर पाना ठेवून दाबलेलं एक सरकारी पत्रक होतं. ते तिनं चार वेळा वाचलं होतं. बंद पडलेली मोटर उघडतात तसं, म्हणजे आधी झाकण काढून, मग कुठलं टोक कुठं जातं ते बघत.

पत्रक घरात यायला कारण होतं पाणीपुरवठा खात्याचं. दुकानातल्या दर तीन मोटरींपैकी दोन त्या खात्याच्या पंपांच्या असत, आणि खात्यानं कळवलं होतं की येत्या वर्षापासून वाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत तांब्याची तार नव्यानं भरायचं, काम फक्त अशाच दुकानाला मिळेल, जिथे निदान एका माणसाकडे त्याचं प्रमाणपत्र आहे. दुकानाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. प्रमाणपत्र एकही नव्हतं. म्हणजे एक होतं, आगीपासून बचावाचं, पण ते दुकान विकत घेताना भिंतीसोबत आलेलं होतं.

"बाबा, नीट ऐका. चार वाटा आहेत," इंजिनिअर म्हणाला. इंजिनिअर म्हणजे थोरल्या दादांचा मुलगा. पदवी मिळाल्या दिवसापासून घरात त्याला कोणी नावानं हाक मारली नव्हती. "पहिली, दोन वर्षांचा पूर्ण कोर्स. फी सगळी सरकारची. अट एवढीच की आधीचं कुठलंच प्रमाणपत्र नको."

"दोन वर्षं पंप थांबणार आहेत का?" दादा म्हणाले. "पुढची."

"दुसरी, अर्धी फी सरकार देणार, अर्धी मालक. पण माणूस पंचवीस वर्षांच्या आतला पाहिजे."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या खोलीत पंचवीस वर्षांच्या आतलं फक्त ड्रिल मशीन होतं.

"तिसरी, फी कर्जाऊ. कमाई एका आकड्याच्या वर गेली की फेडायला सुरुवात करायची."

"आणि नाहीच गेली वर, तर?"

"तर नाही फेडायचं."

दादांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे या धंद्यावर आपल्यापेक्षा सरकारचा विश्वास जास्त आहे म्हणायचा."

"चौथी आपल्या कामाची," इंजिनिअर म्हणाला. "ज्याला काम आधीच येतं त्याच्यासाठी. बारा आठवडे वर्ग, मग परीक्षा, फी पूर्ण माफ. फक्त स्वतःच्या हातानं पाच वर्षं हे काम केल्याचा पुरावा द्यायचा. एका दुकानातून एकच माणूस. अर्ज सोमवारी दुपारी बाराच्या आत."

"मला एक सांग," धाकटी मान वर न करता म्हणाली. "ज्याला येतंच आहे, त्याला शिकवायला सरकार पैसे कशाला घालतंय?"

"कागद नसतो ना काकू त्याच्याकडे."

"म्हणजे येतंय हे त्यांना कबूल आहे, फक्त खात्री करायला बारा आठवडे हवेत."

"साधारण तसंच."

"मग बरोबर आहे. चालवून बघितल्याशिवाय मीसुद्धा मोटर ओके म्हणत नाही."

दादांनी घसा साफ केला. ते त्रेसष्ट वर्षांचे होते आणि गेली वीस वर्षं पुढच्या काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना काम समजावून सांगत होते. "मीच जाईन म्हणतो."

"साठची मर्यादा आहे, बाबा."

"तीन वर्षांचं काय एवढं? मग तू जा."

"पदवीधरांना नाही."

"बघा बाई," जाऊबाई म्हणाल्या. दादांच्या या पत्नी भाजीची टोपली घेऊन दारातच बसल्या होत्या, कारण बैठक चुकवायची नव्हती आणि संध्याकाळचा स्वयंपाकही. "एवढी चार वर्षं शिकवला, तर वाटा वाढायच्या ऐवजी एक कमीच झाली."

राहिला धाकटीचा नवरा. त्याला सगळे हो-हो म्हणत. मोटरी उचलणं, नेणं, बसवणं हे त्याचं काम, आणि कोणीही काहीही विचारलं तर हो म्हणणं हा त्याचा स्वभाव. या स्वभावापायी त्यानं उभ्या जन्मात कोणाशी भांडण केलं नव्हतं आणि एकदा शेजाऱ्यांची शिडी आपली म्हणून विकली होती. वाइंडिंग त्याला येत नव्हतं. येतं का विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता हे ठाऊक असल्यामुळे त्याला कोणी विचारलं नाही.

धाकटीनं जावं असं कोणीच म्हटलं नाही, त्यावरून आता तेच ठरत आहे हे सगळ्यांना कळलं.

"सकाळी आठ ते एक, बारा आठवडे," जाऊबाई शेवटी म्हणाल्या. "म्हणजे दोन्ही वेळचं सगळं माझ्याच गळ्यात. मी आपली सांगून ठेवते, नंतर म्हणाल बोलली नाही."

"स्वयंपाकाचं सोड," दादा म्हणाले. "पुराव्याचं काय करायचं?"

अडचण खरी तिथे होती. या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटरच्या झाकणाखाली एक चिठ्ठी असे. तारेचा गेज म्हणजे जाडी, प्रत्येक खाचेतले वेढे, तारीख, आणि खाली सही. नक्कल दुकानात राही. सही मात्र कोणीही काम केलं तरी एकच, आप्पांची. आप्पा म्हणजे दादांचे आणि हो-होचे वडील. दुकान एक, हात एक, सही एक, हा त्यांचाच नियम. ते गेल्यावर नियम मोडायला कोणाला तरी बैठक बोलवावी लागली असती, आणि कोणी बोलावली नाही. त्यामुळे आप्पांनी निधनानंतरही काम थांबवलं नव्हतं. चिठ्ठ्या मोजल्या तर त्यांनी वारल्यावर तीन हजारांवर मोटरी भरल्या होत्या, आणि त्यातली एकही परत आलेली नव्हती.

"चिठ्ठ्या दाखवायच्या," दादांनी निकाल दिला. "सहीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. विचारलंच तर दुकानाची सही म्हणायचं. कळलं सगळ्यांना?"

"हो," हो-हो म्हणाला.

धाकटीला जायचं होतं. खात्याच्या पंपांसाठी जायचं होतं हे खरं, पण पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं पेन्सिलीनं सहा प्रश्न लिहून ठेवले होते, आणि त्यात खात्याचं नाव नव्हतं. पहिला प्रश्न होता: तांब्याला लोखंड चिकटलेलं नसतं, मधे हवा असते, मग ते फिरतं कशानं? अठ्ठावीस वर्षं ती मोटरी फिरवत होती, आधी आप्पांच्या हाताखाली, मग एकटीनं. कसं, हे तिच्या बोटांना माहीत होतं. का, हे तिनं ज्याला ज्याला विचारलं त्यानं चहा सांगितला होता. इंजिनिअरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "फार मोठं आहे ते काकू, परीक्षेपुरतं केलं होतं."

बाई चारला पाच मिनिटं असताना आल्या. पस्तिशीच्या असाव्यात. खांद्यावर पिशवी, पायात सपाट बूट, आणि वस्तूला हात लावायच्या आधी विचारायची सवय. चहा नको म्हणाल्या, पाणी घेतलं, आणि चिठ्ठ्यांची खोकी मागितली. मग अर्धा तास त्या नुसत्या वाचत राहिल्या. खोलीत कागद उलटल्याचा आवाज, आणि जाऊबाई शेंगा मोडत होत्या त्याचा.

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "मी चाळीसेक दुकानं पाहिली असतील. इतक्या नोंदी कुठे नाहीत. वेढ्यांच्या आकड्यात एक खाडाखोड नाही. आणि सगळं एकाच माणसाचं काम." त्यांनी सहीवर बोट ठेवलं. "मला यांनाच भेटायचंय. आहेत ना ते?"

"हो," हो-हो म्हणाला.

दादांनी डोळे मिटले.

"घरात आहेत?"

"बाहेर गेलेत," दादा घाईघाईनं म्हणाले.

"कधीपर्यंत येतील?"

"तसं काही बोलून गेले नाहीत."

"मी थांबते की. अर्ज यांचाच भरू आपण, दुसरं कोणी बघायचं कारणच नाही." बाईंनी पिशवीतून फॉर्म काढला. "वय काय त्यांचं?"

इंजिनिअरनं मनात बेरीज केली. पदवी अशी कधीतरी उपयोगी पडते. "एकोणनव्वद... झालं असतं. म्हणजे, होईल."

"एकोणनव्वद! आणि मागच्याच आठवड्यात तीन मोटरी भरल्यात? डोळे चांगले आहेत त्यांचे?"

हो-होनं तोंड उघडलं. धाकटीनं त्याच्या पायावर पाय दिला, आणि हातातला कागद बाकावर ठेवला.

"मॅडम, आप्पा अकरा वर्षांपूर्वी वारले."

जाऊबाईंच्या हातातली शेंग मोडायची थांबली. बाईंनी एकदा चिठ्ठीवरच्या तारखेकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे.

"मग ही?"

"मी."

"ही, पंपाची?"

"ती पण मीच. पलीकडचं खोकंही माझंच आहे. सही आप्पांची करायची अशी पद्धत आहे आमच्याकडे."

आता बाई उठून जाणार, असं दादांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण बाई खुर्ची ओढून धाकटीच्या आणखी जवळ बसल्या. "आमच्याकडे खोटा अनुभव घेऊन रोज कोणी ना कोणी येतं," त्या म्हणाल्या. "खरा अनुभव मेलेल्या माणसाच्या नावावर टाकणारे तुम्ही पहिलेच. असं का पण?"

"कोणी विचारलं नाही," धाकटी म्हणाली.

बाईंनी तिला एक कॉइल भरून दाखवायला सांगितली. धाकटीनं लाकडी साच्यावर तार चढवली आणि गप्पा मारत मारत वेढे घेतले. बाईंनी मधेच मुद्दाम विचारलं, घरात माणसं किती, दुकान उघडतं किती वाजता. धाकटीनं सगळी उत्तरं दिली आणि थांबून म्हणाली, "बेचाळीस." बाईंनी मोजले. बेचाळीस होते.

"ठीक. आता एकच गोष्ट," बाई दादांकडे वळल्या. "मालक तुम्ही ना? मला तुमच्या हातचं निवेदन लागेल. या बाई अमुक वर्षांपासून स्वतंत्रपणे हे काम करतात, चिठ्ठ्यांवरची सही पद्धत म्हणून दुसऱ्याच्या नावानं होते. खाली तुमचं नाव. ते असेल तर अर्ज आत्ता घेऊन जाते. नसेल तर हे सगळे कागद आप्पांचा अनुभव, आणि आप्पांना प्रवेश देणं माझ्या हातात नाही."

दादांनी पेन घेतलं. कागद घेतला. कागद सरळ केला, पुन्हा सरळ केला.

"धाकटे, तसं नाही गं," ते म्हणाले. "तुझ्या कामाबद्दल मी कधी शब्द काढलाय का? पण हे लिहिलं म्हणजे खात्याच्या फाइलीत जाणार. आप्पांचा हात म्हणून लोक लांबून मोटरी आणतात. आपण त्यांना इतकी वर्षं काय दिलं मग?"

"चालणाऱ्या मोटरी," धाकटी म्हणाली.

"लोक काय म्हणतील?"

"अहो, अकरा वर्षं आप्पांचा हात माझ्या शेजारी बसून भाजी निवडतोय," जाऊबाई कडाडल्या. "मला कधी भीती नाही वाटली, आणि लोकांना वाटेल? लिहा मुकाट्यानं. बारा आठवडे मी बघते स्वयंपाकाचं." मग दिराकडे बघून, "आणि भांडी हे घासतील. घासाल ना?"

"हो," हो-हो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण काय कबूल केलं याचा विचार करताना दिसला.

दादा लिहू लागले. त्यांचं अक्षर फार सुरेख होतं. 'गेली अकरा वर्षे' इथपर्यंत आले, आणि धाकटी म्हणाली, "सतरा."

पेन थांबलं.

"पाच पुरतात आम्हाला," बाई हळूच म्हणाल्या. "अकरा भरपूर झाली."

धाकटीलाही ते माहीत होतं. अकरावर गप्प बसली असती तर पाच मिनिटांत फॉर्म पिशवीत गेला असता. पण जी बाई बेचाळीसच्या जागी एक्केचाळीस वेढे घेऊ शकत नाही, तिला सतराच्या जागी अकरा कशी चालावीत?

"शेवटची सहा वर्षं आप्पांना दिसत नव्हतं, दादा," ती म्हणाली. "उजेड कळायचा, तार नाही कळायची. ते इथे माझ्या शेजारी बसायचे. सहीच्या जागी मी त्यांचा हात ठेवून द्यायचे, मग ते सही करायचे. मला म्हणाले, थोरल्याला सांगू नकोस. कळलं तर तो मला पुढे काउंटरवर बसवील."

इंजिनिअर जमिनीकडे बघू लागला. बाईंनी फॉर्मवरचा हात काढून घेतला. आपण आता दुसऱ्यांच्या घरात बसलो आहोत हे त्यांना त्याच क्षणी जाणवलं असावं.

"सहा वर्षं," दादा म्हणाले. "म्हणजे टेकडीवरच्या टाकीचा पंप?"

तो पंप म्हणजे दादांच्या काउंटरवरच्या बोलण्याचा कळस होता. तीन दुकानांनी भरला आणि तिन्ही वेळा जळाला. वरची कंपनीची पाटी गेलेली, मूळ वेढे किती कोणाला ठाऊक नाही. आप्पांनी तो चौथ्यांदा भरला आणि तो आजही चालतो आहे. खात्याचं काम दुकानाला लागलं ते त्या पंपामुळे. दादांनी ही गोष्ट निदान हजार गिऱ्हाइकांना सांगितली असेल आणि प्रत्येक वेळी एकाच जागी थांबून म्हटलं असेल, की आकडा कसा काढला हे म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही, नुसता हसायचा.

"तो पण," धाकटी म्हणाली.

दादांनी पेन ठेवून दिलं. आता पेन पुन्हा उचललं जातं की नाही, यावर बारा आठवडे, सहा प्रश्न आणि दुकान, सगळंच टांगलेलं होतं. धाकटीला वाटलं, मोजायला नको होतं आपण. एकदा तरी.

दादा उठले. काउंटरमागची आपली उंच खुर्ची त्यांनी घेतली नाही. रिकाम्या वायरचं रीळ पायानं सरकवलं आणि त्यावर, धाकटीच्या बुटक्या स्टुलासमोर, गुडघे धरत बसले.

"कसा काढलास?" ते म्हणाले.

"काय?"

"आकडा गं! सतरा वर्षं विचार करतोय मी. झोपेत पण करतो. तिघांनी जळलेले वेढे मोजले असणार, मोजले तसे भरले, आणि पुन्हा जाळला. तू कसा काढलास?"

"मोजलेच नाहीत," धाकटी म्हणाली. तिचे डोळे चमकले. हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ती किती वर्षं बसली होती, ते तिला आत्ता कळलं. "मला वाटलं, पहिल्यानं चुकवलं असेल तर पुढचे सगळे त्याचीच चूक मोजत बसलेत. म्हणून मी खाचा खरवडल्या. तळापर्यंत. एका खाचेत जुन्या वार्निशात एक तुकडा अडकलेला निघाला, बोटभर. मला वाटलं कचरा. आप्पा म्हणाले, इकडे दे. बोटांत धरून फिरवला त्यांनी, आणि म्हणाले, ही तार जाड आहे. वरची जळालेली बारीक होती. म्हणजे कंपनीनं भरला तेव्हा तार जाड होती, मग वेढे कमीच बसले असणार. तेवढ्या जाडीची तार घेतली, खाच भरेस्तोवर वेढे घेतले. अडतीस."

"ते तिघं किती घेत होते?"

"सत्तावन्न."

"सत्तावन्न!" दादा इतक्या मोठ्यानं म्हणाले की रस्त्यावरचा एक माणूस आत डोकावून गेला. "गाढवं सगळी! आणि तुकडा आप्पांनी ओळखला? बोटांनी?"

"मी दिव्याखाली बघूनही ओळखला नव्हता."

दादा बराच वेळ आपल्याच बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी मांडीवर कागद घेतला, 'अकरा' वर एक सरळ रेघ मारली, वर 'सतरा' लिहिलं, वाक्य पुरं केलं आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"खाडाखोडीच्या शेजारी पण सही लागेल," बाई म्हणाल्या. त्यांनी ती केली.

फॉर्म पिशवीत गेला. सोमवारची वाट बघायची गरज उरली नव्हती. वर्ग पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी आठला. जाताना बाईंनी बाकावरचं पत्रक उलटं करून पेन्सिलीचे सहा प्रश्न वाचले, आणि म्हणाल्या, "पहिला तुम्ही वर्गात पहिल्याच दिवशी विचारा. शिकवणाऱ्यांचा चेहरा बघायला मी मागे येऊन बसेन."

बाई गेल्या तरी दादा रिळावरून उठले नाहीत.

"त्याआधीच्या," ते म्हणाले. "सतरा वर्षांआधीच्या मोटरी तरी आप्पांच्याच ना?"

"त्यांच्याच. शंकाच नाही."

"तू कशावरून सांगतेस? सही तर सगळीकडे तीच."

"उघडल्यावर कळतं, दादा. आप्पा दोरीची प्रत्येक गाठ दोनदा मारायचे आणि वार्निश असं लावायचे की हाताला कुठे खडा लागायचा नाही. परवाच एक आली होती, पस्तीस वर्षांपूर्वीची. तिला काही झालं नव्हतं, नुसतं बेअरिंग. मी थोडा वेळ बघतच बसले."

दादांचा चेहरा सैल झाला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि जरा पुढे वाकून, काउंटरवर कधी काढला नव्हता अशा आवाजात विचारलं, "आणि माझ्या? तरुणपणी मीही भरल्यात की. त्या कशा ओळखतेस?"

धाकटीनं कागद पुन्हा खाचेत सरकवला.

"त्या परत येतात," ती म्हणाली.

दारात जाऊबाईंच्या मांडीवरची टोपली उपडी झाली, आणि शेंगा गोळा करता करता हसू आधी दादांनाच फुटलं.